मुक्तीचे दरपत्रक

विज्ञानकथा लिहिणारे अमेरिकन लेखक एल. रॉन हबर्ड यांचे ‘डायनेटिक्स’ हे पुस्तक १९५० साली प्रसिद्ध झाले. मनोव्यथा दूर करण्याची पद्धत म्हणून मांडलेल्या या विचाराने चारच वर्षांत ‘चर्च’चे रूप धारण केले. तेव्हापासून सायंटॉलॉजी वादग्रस्त राहिली आहे. तथापि, निव्वळ थोतांड म्हणून तिच्याकडे पाठ फिरविल्यास तिच्या उदयाचा अर्थ हाती लागणार नाही.

महायुद्धोत्तर अमेरिकेत समृद्धी होती, पण अंतर्यामीची अस्वस्थता शमली नव्हती. यंत्रावर विश्वास ठेवणाऱ्या त्या समाजाशी हबर्ड यंत्राच्याच भाषेत बोलले. मनुष्य हा जन्मोजन्मी वावरणारा अमर ‘थेटन’ आहे. गतकाळातील आघातांचे ठसे प्रश्नोत्तरांतून पुसता येतात आणि ‘ई-मीटर’ हे विद्युत उपकरण त्यांचा माग दाखविते, असे त्यांचे प्रतिपादन. आपल्या विचाराचे मूळ ते वेदांपर्यंत नेत.

पुनर्जन्माच्या कल्पनेमुळे भारतीयांना हे ओळखीचे वाटेल. परंतु या पंथात मुक्तीच्या पायऱ्यांना दाम आहे, वरच्या पायऱ्यांवरील शिकवण गोपनीय आहे आणि ग्रंथ व चिन्हे स्वामित्वहक्काने बंदिस्त आहेत. गोपनीयता गुरुपरंपरेतही आहे, हा आक्षेप रास्तच. पण तेथील आदर्श कसोटी साधकाच्या अधिकाराची. येथे ऐपतीवाचून पाऊल पुढे पडणे कठीण.

हा धर्म आहे काय, याविषयी राष्ट्रांचे एकमत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्यास धर्म मानले. अमेरिकेने १९९३ मध्ये करसवलत दिली. फ्रान्समध्ये मात्र २००९ साली संघटित फसवणुकीबद्दल दोषी ठरविण्यात आले व २०१३ मध्ये तो निर्णय कायम झाला.

न्यायालये नोंदणीचा आणि कराचा प्रश्न सोडवितात. कुटुंबाचा प्रश्न वेगळा असतो. पंथाबाहेर पडल्यावर आप्तांनी संबंध तोडल्याचे अनेक माजी अनुयायी सांगतात. तो ज्याचा त्याचा ऐच्छिक निर्णय असतो, असे पंथाचे म्हणणे. घरातील तरुण अशा वाटेला लागला, तर उपहासाने तो अधिकच दुरावतो. त्याची भूक खरी असते. ती ओळखून त्याला एवढेच विचारावे : तेथे शंका घेता येते काय, रिकाम्या हाताने जाता येते काय, आणि घरच्यांचा हात न सोडता परतता येते काय? कोणत्याही पंथाची, परक्या वा आपल्या, हीच परीक्षा आहे.