जुनी गाडी घेताना

"बाई, गाडी घेतली म्हणे! पेढे कुठे आहेत?" गेल्या महिन्यात शाळेच्या स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं, तर चौघीजणींनी एकदमच घेरलं. त्यातल्या दोघींच्या घरी हाच विषय शिजत होता. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा म्हटलं, यावेळी इथेच सविस्तर लिहावं.

तर आधीच सांगते, आमची गाडी नवी कोरी नाही. जुनी आहे, 'सेकंडहँड'. माझ्या भिशीचे आणि शिकवण्यांचे दोन लाख, यांनी बाजूला टाकलेले दोन लाख साठ हजार, एवढीच आमची पुंजी. लेक यंदा दहावीला. दोन वर्षांनी तिच्या कॉलेजची फी दारात उभी राहणार. म्हणजे हे पैसे एकदा बुडाले, की पुन्हा उभे राहणं कठीण. हे मला रात्री झोपताना आठवायचं. यांना मात्र गाडीचा रंग आठवायचा!

गाडी हवी होती ती सासूबाईंसाठी. त्यांचं माहेर परतवाड्याचं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून एसटीची पायरी चढणं म्हणजे मागून मी, पुढून कंडक्टर. दोन वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या. बोलायच्या नाहीत, पण भावाचा फोन आला की डोळे पुसायच्या. शिवाय मुलांना चिखलदरा दाखवायचा होता, शेगावला दर्शनाला जायचं होतं, अकोल्याला वन्संकडे एखादी रात्र राहायचं होतं. लांबच्या सफरी नाहीत. सकाळी निघून रात्री परत, नाहीतर फार तर एक मुक्काम.

पहिली गाडी पाहिली ती अकोल्यालाच. सात जणांची, उंच, डिझेलवरची. पॉलिश असं, की त्यात तोंड पाहून टिकली लावावी. भाव चार लाख तीस हजार. हे तर बघताक्षणीच हरखून गेले. "अगं, वन्संची मंडळीसुद्धा मावतील!" विकणारा गृहस्थ म्हणाला, "संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. आत्ता पंचवीस हजार टोकन ठेवा." यांचा हात खिशाकडे गेलासुद्धा.

मी म्हटलं, "अहो, आधी आईंना बसवून तर बघू." सासूबाईंनी एक पाय वर टाकला, दोन्ही हातांनी दार धरलं आणि तशाच खाली उतरल्या. "मले नाई चढता येत वो याच्यात. याच्यापरीस आपली येस्टी बरी."

मी मागच्या सीटवर बसले, तर अत्तराचा घमघमाट आणि त्याच्या खाली पावसाळ्यात न वाळलेल्या सतरंजीचा कुबट वास. हा वास आपल्याला नाही ओळखायचा तर कुणाला! माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील गॅरेज चालवतात. आदल्या दिवशी त्यांनी एक खूण सांगितली होती, ती आठवली. सीटचा पट्टा पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघायचा. ओढला. वरचा हातभर पट्टा स्वच्छ, पुढे मातकट डागांची सरळ रेघ. फोनवर त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, ते गाडी पान्यात बुडून निघाली हाय. रंग पाहू नका, बूड पाहा. आज चालन, पन सहा महिन्यांनी वायरिंग रडवन."

टोकन दिलं नाही. परतताना बडनेऱ्यापर्यंत हे एक अक्षर बोलले नाहीत. माझ्याही मनात आलं, आपण उगाच यांचा हिरमोड केला का?

रात्री जेवणं आटोपल्यावर मी जुन्या दिनदर्शिकेचा कागद घेतला आणि यांच्यासमोर बसले. म्हटलं, वर्षभरात आपण खरोखर कुठे-कुठे जाणार, ते लिहू. परतवाडा चार वेळा. शेगाव दोनदा. अकोला तीनदा. चिखलदरा एकदा, मुक्कामासह. बाकी दवाखाना, बाजार, लग्नकार्यं. सगळ्यांत मिळून माणसं किती? पाच. सात माणसं किती वेळा? दोनदा! हे कागदाकडे बघत राहिले आणि हसले. "म्हणजे दोन दिवसांसाठी वर्षभर हत्ती पोसायचा!" त्या दोन दिवसांना भाड्याची गाडी करू, असं ठरलं. मैत्रिणींनो, गाडी घ्यायची ती अशी, वर्षातल्या नेहमीच्या दिवसांसाठी. सणाच्या दिवसासाठी घरात पंचवीस माणसांचं पातेलं आपण विकत घेत नाही, मागून आणतोच की.

मग आमच्या अटी ठरल्या. सासूबाईंना न वाकता, न चढता बसता आलं पाहिजे. पाच माणसं आणि एका रात्रीचं सामान मावलं पाहिजे. घाट चढली पाहिजे. आणि सगळे पैसे गाडीतच घालायचे नाहीत, साठ हजार बाजूला ठेवायचे.

यानंतर गाडी बघायला जाताना मी दोन बॅगा, पाण्याची कॅन आणि सासूबाईंची घडीची खुर्ची बरोबर नेत असे. विकणारे हसायचे. हसू देत. एका गाडीत सीएनजीची टाकी होती. रोजच्या खर्चाला ती परवडते, पण डिकीत एकच बॅग बसली. शिवाय त्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, तिचा दाखला मालकाकडे नव्हता. दुसरी गाडी फारच स्वस्त होती, पण तिला चौदा वर्षं पूर्ण झालेली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून घेऊन, कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. म्हणजे स्वस्ताई वर्षभराचीच!

सुरक्षिततेचंही एक सांगते. जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली आणि जानेवारी २०२२ पासून शेजारच्या सीटसाठीही. त्याच २०१९ साली एप्रिलपासून, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं न घसरू देणारी एबीएसची सोयही सक्तीची झाली. म्हणून शक्य तर २०१९ च्या मध्यानंतरची गाडी बघावी. मुलं बसणार आहेत त्यात.

शेवटी अमरावतीतच एका निवृत्त गृहस्थांची २०२० सालची वॅगनआर मिळाली. दारं उंच, सीट खुर्चीच्या उंचीची. सासूबाई बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "हे बरी हाय." निम्मं काम तिथेच झालं. उरलेलं गॅरेजवाल्या भाऊंनी केलं. त्यांना पाचशे रुपये दिले, ते आमच्या सगळ्या खर्चातले सगळ्यात मोलाचे! त्यांनी काय-काय पाहिलं ते लिहून ठेवा.

• गाडी थंड असताना सुरू करून बघायची. आपण जायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलं असेल, तर समजावं की सुरू व्हायला कुरकुर करते.

• इंजिनच्या तेलाचं झाकण उघडून बघायचं. आत ताकावरच्या फेसासारखं पांढरट दिसलं, तर तेलात पाणी जात असू शकतं.

• दारं, बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या हव्यात आणि रंगही. ऊन असतानाच बघा, संध्याकाळी दिव्याखाली नाही.

• टायरवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली, तरी रबर जुनं असतं.

• मीटरवरच्या किलोमीटरवर एकदम विश्वास नको. सर्व्हिसच्या पावत्यांवरचे आकडे जुळवून बघा. पेडलचं रबर झिजून गुळगुळीत आणि मीटर मात्र तीस हजार, असं कसं होईल?

• चालवून बघताना एसी लावा आणि गाडी चढावर थांबवून पुन्हा सुरू करा. क्लच घसरत असेल, तर तिथेच कळतं.

चालवण्यावरून आठवलं. आपल्या अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेसचा विक्रम झाला होता. अभिमानाची गोष्ट आहे, पण हमरस्त्यावर जुनी गाडी पारखू नये. तिथे सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालतात! गल्लीतल्या खड्ड्यांवरून न्या, खिडक्या बंद करा, रेडिओ बंद करा आणि कान द्या.

आता कागद. आरसी, विमा, पीयूसी बघायचंच. आरसीवरचा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघायचा. गाडीवर कर्ज असेल, तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घ्यायचा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. ३० दिवसांच्या आत आरटीओत अर्ज गेला पाहिजे आणि १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवलं पाहिजे. जुन्या मालकाची विम्यातली सवलत, नो क्लेम बोनस, आपल्याला मिळत नाही. तेव्हा त्या नावाखाली भाव वाढवून देऊ नका. थकलेले ई-चलान त्यांनाच भरायला लावा. पैसे बँकेतूनच द्या. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा. ओळखीचे असले तरी! ओळखीत तर जास्तच.

व्यवहार तीन लाख ऐंशी हजारांना झाला. बाजूला ठेवलेल्यातून चार टायर, बॅटरी, विमा आणि नाव बदलणं यांत एकतीस हजार गेले. उरलेले मी लेकीच्या नावाने पुन्हा ठेवले.

पहिली फेरी अर्थात परतवाड्याची. एक रात्र माहेरी काढून दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याला गेलो. हे ठिकाण सुमारे अकराशे मीटर उंचीवर, घाटातली वळणं मोजता मोजता मुलं थकली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढली. उतरतानाही त्याच गिअरमध्ये उतरलो, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. भीमकुंडाजवळ सासूबाईंची खुर्ची उलगडून दिली. त्या दरीकडे बघत बराच वेळ बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "लग्नाआंधी बाबासंगं आली होती मी इथी. बैलगाडीनं." यांनी माझ्याकडे पाहिलं. अकोल्याच्या त्या चकचकीत गाडीचं नाव त्यानंतर आमच्या घरात निघालेलं नाही.

जाता जाता: गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवा. पेट्रोल, हवा, सर्व्हिस, विम्याची तारीख, सगळं त्यात लिहायचं. आपण दूधवाल्याचा हिशेब ठेवतो तसंच. पुढे गाडी विकायची वेळ आली, तर तीच वही तुमच्या बाजूने बोलेल. आणि एका रात्रीच्या मुक्कामाला निघताना दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, कोरडी चटणी आणि जास्तीचं पाणी विसरू नका. तुमच्याकडेही अशी एखादी जुनी गाडी असेल, तर तिने काय शिकवलं, ते मला जरूर कळवा.