जाम झालेले सहा बोल्ट

मुलांनो, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही तेव्हा तुम्ही काय करता? आधी दात-ओठ खाऊन जोर लावता. मग बरणी ताईकडे जाते, ताईनं उघडली की तुम्ही म्हणता, "मीच सैल करून ठेवलं होतं!" खरं ना?

दिवाळीच्या सुट्टीत माझी गाठ अशाच हट्टी मंडळींशी पडली. सहा बोल्ट होते आणि वय असेल साठ वर्षं.

फलटणजवळच्या आमच्या गावी काकांचा जुना ट्रक लिंबाखाली उभा आहे. 1964 सालचा, टाटा मर्सिडीज. तुम्ही म्हणाल, ही कुठली गाडी? अहो, 1954 साली टाटांच्या टेल्को कंपनीनं जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. करार 1969 पर्यंत चालला. म्हणून या ट्रकच्या तोंडावर जर्मन तारा आहे. पण त्या काळी कारखान्यातून पुष्कळदा नुसती चासी यायची. केबिन आणि हौदा आपल्याकडचे सुतार-लोहार बांधायचे. आमच्या ट्रकचं दार म्हणजे आत सागवानी चौकट आणि वर पत्रा. त्या पत्र्यावर काकांनी पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत काकूचं नाव काढून घेतलं होतं.

काका 2019 मध्ये गेले. ट्रक चालत नाही, पण गल्लीतली पोरं त्यात "ड्रायव्हर-क्लीनर" खेळतात. यंदा दार इतकं लोंबकळलं होतं, की कुणाच्या पायावर पडेल अशी भीती वाटायला लागली. माझा चुलतभाऊ म्हणाला, "कटरनं बिजागऱ्या कापू आणि दार भंगारात देऊ." काकू काहीच बोलली नाही. उठून आत गेली. तिला काय वाटलं असेल ते कळायला मी बाई असायची गरज नव्हती.

मी म्हटलं, दोन बिजागऱ्या आणि सहा बोल्ट, त्यात काय एवढं! दाराखाली विटा आणि फळी लावून त्याचा भार उचलला, तेरा नंबरचा पाना घेतला आणि पहिल्या बोल्टवर सगळं वजन टाकलं. पाना सटकला, माझी बोटं पत्र्यावर आपटली आणि बोल्टच्या डोक्याचे सहाही कोपरे गुळगुळीत झाले.

मग मी शहाण्यासारखी मिस्त्रीमामांना बोलावून आणलं. त्यांनी डोळे बारीक करून बोल्ट पाहिला.

"बाई, हा मिलिमीटरचा नाही, इंचाचा आहे. डोकं अर्ध्या इंचाचं."

आता तुम्हीच हिशेब करा. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, तर अर्धा इंच 12.7. माझा पाना 13 चा. फट राहिली 0.3 मिलिमीटर, म्हणजे तीन-चार केसांएवढी. एवढ्याशा फटीमुळे जोर बोल्टच्या सपाट बाजूंवर न पडता फक्त कोपऱ्यांवर पडला. वर्गात दशांश अपूर्णांक शिकवणारी मी, आणि फसले दशांशातच!

"गॅसनं तापवायचा का?" मी विचारलं. कारण तापलेलं लोखंड प्रसरण पावतं, गंजाची पकड सुटते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मामांनी दारावर टिचकी मारली. आतून लाकडाचा आवाज आला. "सागवान पेटेल. आणि तो रंग?" पिवळ्या अक्षरांपासून बिजागरी चार बोटांवर होती.

म्हणजे घाईचा रस्ता बंद. उरला तेलाचा.

बोल्ट जाम का होतो माहीत आहे? लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. बोल्टच्या आट्यांमध्ये आधीच जागा कमी, त्यात हा पाहुणा हातपाय पसरून बसतो. त्याला उठवायचं तर तिथपर्यंत पातळ तेल पोचायला हवं. समईच्या वातीतून तेल आपोआप वर चढतं ना, तसंच ते बारीक फटीतून आत शिरतं. (डब्ल्यूडी-40 नावाचा फवारा तुम्ही पाहिला असेल. तो 1953 मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून शोधला गेला. चाळिसाव्या प्रयत्नात जमला, म्हणून नावात 40!) आमच्याकडे तो नव्हता. मामांनी डिझेलमध्ये शिलाई मशीनचं तेल मिसळलं, तारेच्या ब्रशनं बोल्ट घासले आणि सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब सोडायला सांगितलं. आग आणि विडी-काडी मात्र लांब! दर खेपेला बोल्टच्या डोक्यावर हातोडीनं हलके ठोके मारायचे. त्या हादऱ्यानं गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

तीन दिवस मी हेच केलं. कंटाळा आला, खोटं कशाला सांगू?

चौथ्या दिवशी बरोबर मापाचा गोटी पाना लावला. गंमत म्हणजे मामांनी बोल्ट आधी किंचित आवळायला लावला, मग सैल करायला. पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. करकर करत दोन निघाले. दुपारपर्यंत आणखी दोन.

पाचवा बोल्ट एकदम मऊ लागला, लोण्यात पाना फिरावा तसा. मी आनंदानं ओरडले, "निघाला!" आणि कट् करून त्याचं डोकं माझ्या हातात आलं. मऊ लागला म्हणजे सुटत नव्हता, पिळवटत होता. तिथंच थांबून उलटं फिरवायला हवं होतं, हे मला मागाहून कळलं.

मामा रागावले नाहीत. त्यांनी तुटक्या बोल्टच्या बरोबर मध्यावर पंचानं खूण केली, नाहीतर ड्रिल घसरतं. आधी तीन मिलिमीटरचं भोक, मग पाचचं, मग साडेसहाचं. उरलेली साल टोकदार सळीनं निघाली आणि टॅप फिरवून आटे साफ झाले. सगळ्यांनी डोळ्यांवर चष्मे लावले होते. लोखंडाचा कीस डोळ्यात गेला तर थेट दवाखाना!

सहावा म्हणजे मी बिघडवलेला. त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू मी कानशीनं घासल्या, 12 चा पाना घट्ट बसेपर्यंत. तासभर लागला. तो निघाला तेव्हा मात्र मी ओरडले नाही.

नव्या बोल्टना ग्रीस लावून दार बसवलं. काकू पदराला हात पुशीत बाहेर आली. तिनं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "ह्यांच्या वेळी पण असाच आवाज यायचा," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

आता तुमच्यासाठी एक काम. हार्डवेअरच्या दुकानातून साधे लोखंडी, पॉलिश नसलेले तीन नट-बोल्ट आणा. एक कोरडा ठेवा, एकाला तेल लावा, एकावर रोज मिठाचं पाणी शिंपडा. तिन्ही सारखेच आवळा. महिन्याभरानं घरातल्या मोठ्या माणसासमोर उघडून पाहा. कुठला किती जोरात निघाला, कुठला निघालाच नाही, ते मला पत्रानं कळवा. आणि हो, पान्याचं माप आधी तपासा!