सयाजीरावांची पुस्तकपेटी आणि सरकारी ब्रॉडबँड

मंडळाच्या कट्ट्यावर गेल्या महिन्याभरापासून एकच वाद रंगतो आहे. पाणी आणि दिवाबत्तीप्रमाणे सरकारने घरोघरी इंटरनेटही फुकट द्यावे काय, आणि त्याचा खर्च करांतून भागवावा काय? तरुण सभासद म्हणतात, द्यायलाच हवे, इंटरनेटवाचून आता एक पान हलत नाही. ज्येष्ठांपैकी बहुतेकांचा सूर निराळा. 'मफत'ची सवय लोकांना आधीच पुष्कळ लागली आहे, त्यात ही भर कशाला? दोन्हीकडचे ऐकून आमचे जे मत झाले ते येथे मांडतो. ते दोन्ही पक्षांना पुरते पटणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

आधी एक घरची गोष्ट. दांडिया बाजारात आमच्या एक आत्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, यजमानांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनावर जगतात. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्या रिक्षाने जायच्या, खिडकीवरच्या माणसासमोर उभ्या राहायच्या, सही करायच्या आणि येताना भाजी घेऊन यायच्या. परवाच्या नोव्हेंबरात खिडकीवरून उत्तर आले, "माजी, आता ऑनलाइन करा." घरी इंटरनेट नाही, पुतण्या पुण्याला. मग नाक्यावरच्या दुकानात गेल्या. पहिल्या दिवशी अंगठ्याचा ठसा उमटेना. दुसऱ्या दिवशी 'सर्व्हर डाऊन'. तिसऱ्या दिवशी काम झाले, पण दुकानदाराने मागितले तेवढे पैसे मोजून. आत्या आम्हाला म्हणाल्या, "अरे, मी समोर उभी राहून सांगते आहे की मी जिवंत आहे, ते यांना पुरत नाही का?"

आमच्या मते सगळ्या वादाचे मर्म या प्रश्नात आहे. शिधापत्रिकेची पडताळणी, शाळेत राखीव जागांवरचा प्रवेश, महापालिकेचा कर, जमिनीचा उतारा, नोकरीचा अर्ज, यांतले काय आज ऑनलाइन नाही? लोकांनी मागणी केली म्हणून हे झाले नाही. सरकारने आपल्या सोयीसाठी कचेरीचा दरवाजा उचलून दुसरीकडे नेला. दरवाजा ज्याने हलवला त्यानेच तिथपर्यंतची वाट बांधून द्यावी, ही अपेक्षा फुकटेपणाची म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२५ मध्ये, अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन यांच्या 'केवायसी'च्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच इंटरनेटचा संबंध शिक्षणाच्या हक्काशी जोडला होता.

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला तर ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा 'एवढा पैसा आणायचा कुठून' यावरच चर्चा चालू होती. मुले शिकली, पण गावात वाचायला काही नाही, हे ध्यानात येताच त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानभर ग्रंथालये उभी केली. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, काचेच्या फरशीच्या मजल्यांची, आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? आणि पाहिली असली तर शेवटची कधी?

त्या योजनेतली आम्हाला सर्वांत भावणारी गोष्ट म्हणजे फिरत्या ग्रंथालयाची पेटी. लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून ती गावोगावी पाठवायची, तिथल्या शाळेत किंवा जबाबदार माणसाकडे ठेवायची, वाचून झाली की परत मागवायची आणि दुसरी धाडायची. वाहतुकीचा खर्च सरकारचा, वाचकाला एक पैची तोशीस नाही. गावाला कायमचे ग्रंथालय हवे असेल तर मात्र नियम निराळा होता. गावाने काही रक्कम उभी करायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. म्हणजे तिघांचा समान वाटा. गावाने स्वतःचे पैसे घातलेले असल्यामुळे पुस्तके वाळवीला देऊन टाकायला कोणी तयार नसे. जो गरीब किंवा दूर आहे त्याला पूर्ण फुकट, आणि ज्याची थोडी ऐपत आहे त्याला भागीदार करून घ्यायचे, असा हा हिशेब होता. शंभर वर्षांपूर्वीच्या राजाला जे सुचले ते आजच्या लोकशाहीतल्या मंत्र्यांना का सुचू नये?

आता पैशाकडे वळू. 'करदात्याने का भरावे?' असे विचारणाऱ्या ज्येष्ठांना आमचे नम्र सांगणे की आपण भरतोच आहोत, आणि तेही गेली वीसहून अधिक वर्षे. ग्रामीण भागात दूरसंचार पोहोचवण्यासाठी सरकारने एक निधी उभा केला. त्याला २००३ च्या कायदेदुरुस्तीने वैधानिक रूप दिले आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम त्यासाठी देतात, आणि कंपन्यांचा महसूल म्हणजे तुमचे-आमचे रिचार्ज. शिवाय बिलावर १८ टक्के जीएसटी आहेच. पाचशे रुपयांच्या बिलावर नव्वद रुपये सरळ सरकारजमा होतात. एका हाताने नव्वद रुपये घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने 'मोफत इंटरनेट'ची घोषणा करायची, या खेळाला आमच्या आजोबांच्या भाषेत दुसरे नाव होते.

त्या निधीचे काय झाले? बराचसा पैसा वर्षानुवर्षे खर्चाविना पडून राहिला. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर झाली. ती दोन वर्षांत पुरी व्हायची होती. मुदती हुकत गेल्या, पुढे तिचे नाव 'भारतनेट' झाले. दोन लाखांहून अधिक पंचायतींपर्यंत तार पोहोचली हे खरे, परंतु पंचायतीच्या कपाटात तार येणे आणि गावातल्या मुलाच्या हातात इंटरनेट येणे यांत मोठे अंतर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. एवढा पैसा ओतताना तार तोडली गेली तर जोडणार कोण, वीज गेली तर यंत्र चालणार कसे, तक्रार घेणार कोण, याची उत्तरे आधी हवीत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या घरची वीज गेली आणि तिच्यामागोमाग फोनही मुका झाला. धाकट्या भावाची खुशाली कळायला दीड दिवस लागला. आमच्या शहराला असल्या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

सरसकट फुकट देण्याच्या घोषणांचे काय होते, याचा दाखला केरळात मिळतो. तिथल्या सरकारने 'के-फोन' हे स्वतःचे जाळे उभारले, जून २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचे स्वप्न होते, पण पहिल्या टप्प्यात प्रत्येक विधानसभा मतदारसंघात शंभर, म्हणजे सगळी मिळून १४,००० कुटुंबे धरली गेली. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. उलट, तार राज्याच्या मालकीची, गरिबाला मोफत आणि इतरांना माफक दरात, ही चौकट आम्हाला बरोबर वाटते. आकडा मात्र आधी हिशेब करून मगच बोलायचा असतो.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, सरकारला यात पडायचे कारणच काय? कंपन्या स्वस्तात देतातच आहेत. २०१६ च्या सप्टेंबरनंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, यात शंका नाही. पण तो कायम स्वस्त राहील, असे वचन कोणी दिले आहे? जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले तेव्हा ग्राहकाने जायचे कुठे? रेल्वे स्थानकांवरच्या मोफत वाय-फायचेही असेच. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून गूगलच्या साहाय्याने ते सुरू झाले, चारशेहून अधिक स्थानकांवर गेले, आणि २०२० मध्ये गूगलने काढते पाय घेतले. रेलटेल ही सरकारी कंपनी होती म्हणून सेवा चालू राहिली. फलाटावर अर्धा तास फुकट मिळतो तो तिच्यामुळे.

एक धोका मात्र आमच्या तरुण मित्रांनी ध्यानात घ्यावा. तार सरकारची असेल तर कळही सरकारच्या हाती. ऑगस्ट २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत मोबाइल इंटरनेट बंद झाले होते. त्याला निदान कायदा-सुव्यवस्थेचे निमित्त होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर महसूल तलाठ्यांच्या भरती परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून काही तास राज्यातले मोबाइल इंटरनेट बंद केले गेले! चार पोरे कॉपी करतील म्हणून लाखो लोकांचे व्यवहार थांबवायचे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितले की असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि अनिश्चित काळासाठी बंदी घालता येणार नाही. सार्वजनिक जाळे उभारायचे तर कोण काय वाचतो याची नोंद ठेवली जाणार नाही, हेही कायद्याने बांधून घ्यावे लागेल. महाराजांच्या पेटीतून कोणते पुस्तक कोणी घेतले, याची चौकशी करायला फौजदार येत नसे.

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयात, महापालिकेच्या शाळेत आणि वॉर्ड कचेरीत चांगल्या वेगाचे इंटरनेट मोफत असावे आणि तिथे मदतीला एक माणूस बसलेला असावा. त्या माणसाखेरीज आमच्या आत्यांना तारेचा काही उपयोग नाही. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना घरची जोडणी मोफत द्यावी. बाकीच्यांनी, म्हणजे आपण बहुतेकांनी, वाजवी दर द्यावा आणि कुरकुरू नये. घरगुती ब्रॉडबँडवरचा जीएसटी कमी करावा. आणि ज्या सेवा सरकारने ऑनलाइन नेल्या, त्यांच्यासाठी एक उघडी खिडकी निदान ज्येष्ठांकरता चालू ठेवावी.

आपल्या समाजापुरते आणखी एक. आपली नातवंडे गुजराती आणि इंग्रजी शाळांत शिकतात, मराठी शाळांची पटसंख्या काय आहे ते आपण जाणतोच. जुने मराठी ग्रंथ आणि मोडी कागद आता संगणकावर येऊ लागले आहेत. ग्रंथालयात मोफत जोडणी आली तर शनिवारी दोन तास मुलांना तिथे नेऊन बसवता येईल. त्यासाठी दोन निवृत्त शिक्षिका तयार आहेत, आणखी हवे आहेत.

वरील मागण्यांचे निवेदन मराठी व गुजरातीत तयार असून ते महापालिकेला आणि आपल्या आमदारांना द्यायचे आहे. मंडळाच्या कचेरीत सायंकाळी पाच ते सात या वेळात सही करता येईल. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी निरोप द्यावा, कागद घरी आणून देण्याची व्यवस्था केली आहे.