भाकरीच्या मुलखात गव्हाची बाधा: सिलिअॅक आजार नेमका काय आहे आणि पातूरसारख्या गावात त्याचं पथ्य कसं पाळायचं?

महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. मुलाचं पोट सतत फुगलेलं असतं, पण वजन आणि उंची मात्र जागच्या जागी. जंताचं औषध झालं, टॉनिक झालं, नजर काढून झाली. या सगळ्यामागे रोजच्या ताटातली पोळी असू शकते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

या आजाराचं नाव सिलिअॅक. सोशल मीडियावर ‘ग्लुटेन-फ्री’ हा शब्द वजन कमी करण्याच्या रील्समध्ये सारखा ऐकू येतो, त्यामुळे अनेकांना हे श्रीमंतांचं फॅड वाटतं. पण सिलिअॅक असलेल्या माणसासाठी ग्लुटेन-फ्री जेवण हाच एकमेव उपचार आहे. आणि अकोला जिल्ह्यातल्या पातूरसारख्या तालुक्याच्या गावात तो उपचार एकाच वेळी सोपाही आहे आणि अवघडही.

सिलिअॅक म्हणजे काय?

गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. कणीक मळल्यावर जो चिकटपणा येतो, तो त्यांच्यामुळेच. सिलिअॅक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं की त्याची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातले बारीक उंचवटे झिजतात. मग माणूस पोटभर जेवतो, पण अंगी लागत नाही.

ही अ‍ॅलर्जी नाही आणि साधं अपचनही नाही. हा ऑटोइम्युन, म्हणजे शरीर स्वतःविरुद्ध लढतं त्या प्रकारचा आजार आहे. तो संसर्गाने पसरत नाही, पण घराण्यात असू शकतो. म्हणून एकाला निदान झालं की आईवडील, भावंडं आणि मुलांचीही तपासणी करायला सांगतात. टाइप-१ मधुमेह आणि थायरॉइडचे काही आजार असलेल्यांमध्येही तो जास्त आढळतो.

गव्हाचा हा संबंध कळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांना आधीपासून गव्हावर संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. तेव्हा या आजाराची मुलं उलट सुधारताना दिसली. १९५० मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात ही गोष्ट मांडली.

हा तर पंजाबी लोकांचा आजार ना?

हा समज अगदीच निराधार नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली. सिलिअॅकचं प्रमाण उत्तरेत हजारी ८.५३, ईशान्येत ४.६६ आणि दक्षिणेत ०.११ निघालं. आजाराची शक्यता निर्माण करणारी जनुकं मात्र तिन्ही भागांत साधारण तिघांपैकी एकाकडे होती.

मग फरक कशाचा? रोजच्या आहारात गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम होता, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. ईशान्येतला आकडा पाहिला तर फक्त गव्हावर सगळं ठरत नाही, हेही दिसतं. पण जनुकं असलेल्या समाजात गहू वाढला की आजार दिसायला जागा मिळते, हा इशारा त्यात आहे.

या तीन ठिकाणांमध्ये महाराष्ट्र नव्हता. आणि महाराष्ट्राचं, त्यातही वऱ्हाडाचं ताट गेल्या काही दशकांत झपाट्याने बदललं आहे.

वऱ्हाडात भाकर मागे का पडली?

अकोल्याहून वाशीमकडे जाताना लागणारं पातूर हे कापूस, तूर आणि ज्वारीच्या पट्ट्यातलं. इथलं रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर. गहू सणावाराचा, रोडग्यांचा आणि पाहुण्यांचा. पुढे सोयाबीन आलं आणि ज्वारीचं शिवार आकसलं. ऐन कापणीत पाऊस आला की दाणा काळा पडतो, पाखरं आणि रानडुकरं पीक ठेवत नाहीत, कापणीला मजूर मिळत नाहीत. शेतकऱ्याने हिशेब केला आणि ज्वारी सोडली.

दुसरीकडे गहू रेशनवर आला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य ठरलं: तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. कायद्यात भरडधान्य सगळ्यात स्वस्त होतं, पण वऱ्हाडात पिशवीत पडत राहिले ते मुख्यतः गहू-तांदूळच.

सिलिअॅकच्या रुग्णाला इथेच फटका बसतो. घरात गहू फुकट येतो आणि त्याला लागणारी ज्वारी विकत घ्यावी लागते. अकोल्यासह १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी दरमहा माणशी १५० रुपये देण्याचा निर्णय झाला. २०२४-२५ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता. त्या भावानेही दीडशे रुपयांत जेमतेम साडेचार किलो ज्वारी येते. दिवसाला ३०० ग्रॅम पीठ धरलं, तरी एका माणसाला महिन्याला ९ किलो लागतात.

ज्वारी चालते, मग अडचण कुठे आहे?

अडचण चक्कीवर आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, डाळी यांत ग्लुटेन नसतं. पण गावातल्या एकाच चक्कीवर आधी गहू दळला आणि मागोमाग ज्वारी टाकली, की पाळूत अडकलेली कणीक ज्वारीच्या पिठात उतरते.

किती उतरली तर धोका? भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणण्यासाठी एका किलोत जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं. कणकेत साधारण दहा टक्के ग्लुटेन धरलं, तर एक ग्रॅम कणकेत १०० मिलिग्रॅम होतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात एक ग्रॅम कणीक मिसळली, तरी मर्यादा पाचपट ओलांडली जाते.

म्हणून सगळ्यात उपयोगी खर्च म्हणजे फक्त बिनगव्हाच्या धान्यासाठी ठेवलेली घरगुती आटाचक्की. ते शक्य नसेल तर घरातलं जुनं जातं चालतं, मात्र त्यावर गहू दळलेला नसावा. धान्य आधी निवडून, धुऊन, वाळवून घ्यावं.

ताटात काय चालेल, काय नाही?

चालेल: ज्वारी-बाजरीची भाकर, ज्वारीच्या कण्या, भात, वरण, पिठलं, फुणके, कढी, दूध-दही, अंडी, मटण, सगळ्या भाज्या आणि फळं. उपवासाची भगर, राजगिरा, साबुदाणाही चालतात. फक्त पीठ दळताना आणि तळणाच्या तेलात गव्हाचा संबंध नको.

चालणार नाही: पोळी, पुरणपोळी, रोडगे, रवा, शेवया, मैद्याची बिस्किटं, पाव आणि शेगावची कचोरीसुद्धा. ‘खपली गहू चालतो’ असं अनेक व्हिडिओंमध्ये सांगितलं जातं, ते चूक आहे. खपली हाही गहूच.

लपलेला गहू जास्त त्रास देतो:

- हिंग पावडर: तिच्यात अनेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो.
- सातूचं पीठ: त्यात गहू किंवा जव असतो.
- माल्ट असलेली दुधात घालायची पावडर: माल्ट बहुतेक वेळा जवाचं असतं.
- ‘नाचणी’ किंवा ‘मल्टिग्रेन’ बिस्किटं: पाकिटाच्या मागे घटक वाचले की गव्हाचं पीठ सापडतं.
- ओट्स: ‘ग्लुटेन-फ्री’ असं लिहिलेलं नसेल तर टाळावेत.

पाकिटबंद पदार्थावर ग्लुटेन असलेल्या धान्याची सूचना देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ‘कंटेन्स व्हीट’ असं दिसलं की पाकीट परत ठेवायचं.

घरात पोळ्याही होत असतील तर रुग्णासाठी पोळपाट, काटवट आणि तवा वेगळा असावा. त्याची भाकर आधी करावी, पोळ्या नंतर.

निदान कसं होतं?

सगळ्यात महत्त्वाची सूचना: तपासणीआधी गहू बंद करू नका. गहू सोडला की रक्तातल्या खुणा कमी होतात आणि आजार असूनही अहवाल नॉर्मल येऊ शकतो.

पहिली तपासणी रक्ताची, टीटीजी-आयजीए. ती पॉझिटिव्ह आली तर बहुतेकदा दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा घेऊन खात्री केली जाते. पातूरच्या रुग्णाला त्यासाठी साधारणपणे अकोला गाठावं लागतं. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी पोटविकारतज्ज्ञही आहेत. गोळ्यांनी न हटणारं रक्त कमी होणं, लांबलेले जुलाब, खुंटलेली वाढ किंवा उशिरा येणारी पाळी असेल, तर ‘सिलिअॅकची तपासणी करू का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

निदानानंतर पथ्य आयुष्यभराचं असतं. बरं वाटलं म्हणून पुन्हा पोळी सुरू केली, तर आतड्याची झीज पुन्हा सुरू होते, बाहेरून काही जाणवत नसलं तरी.

सरकार काय करू शकतं?

इटलीत निदान झालेल्या रुग्णाला ग्लुटेन-फ्री अन्नासाठी सरकारकडून दरमहा ठरावीक रकमेची मदत मिळते. २०२३ मध्ये तिथे मुलांच्या तपासणीसाठी कायदाही झाला. भारतात रुग्णाला हा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही सिलिअॅक नाही.

वऱ्हाडात मात्र परदेशी महागड्या पिठाची गरजच नाही. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झालं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारीवर संशोधन होतं. वैद्यकीय दाखला असलेल्या रुग्णाला रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी द्यायची आणि तालुक्यातल्या एखाद्या बचत गटाला फक्त भरडधान्यासाठी चक्की द्यायची, एवढं केलं तरी पातूरमधल्या रुग्णाचं निम्मं ओझं उतरेल. औषध शेतात पिकतं. ते गव्हाच्या कणीविना ताटापर्यंत पोचवायची सोय तेवढी करायची आहे.