स्वस्ताई हा पुरावा नव्हे

‘ग्राहकाला स्वस्त मिळतंय, मग स्पर्धा कायद्याने मध्ये पडायचं कारण काय?’ असं एका अभ्यासकाने नुकतंच एका लेखात ठासून मांडलं. जो टिकत नाही तो अकार्यक्षम, एवढंच त्यांचं म्हणणं. वसईच्या सांडोरचा किराणा दुकानदार दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्यांपुढे हरला, तर दोष त्याचाच. हे वाचून संताप आला.

ही स्वस्ताई येते कुठून, हे ते विचारतच नाहीत. कमी खर्चात माल आणून स्वस्त विकणं वेगळं, गुंतवणूकदारांच्या पैशांतून तोटा भरून काढत विकणं वेगळं. दूरसंचार आठवा. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली आणि मार्च 2017 अखेरपर्यंत सेवा फुकट मिळाली. एअरटेलने तक्रार केली. जून 2017 मध्ये स्पर्धा आयोगाने ती फेटाळली: नव्या कंपनीचं वर्चस्वच नाही, तर गैरवापर कसला? 2002 च्या स्पर्धा कायद्याचं कलम 4 वर्चस्व असलेल्यालाच लागू होतं, हे खरं. पण वर्चस्व मिळवण्यासाठीच जो फुकट वाटतो, त्याला कधी अडवायचं? स्पर्धक संपल्यावर? पुढे एअरसेल आणि आरकॉम दिवाळखोरीत गेल्या, व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. कर्जं आणि स्पेक्ट्रमचे पैसे ही कारणंही होती, मान्य. तरी खासगी कंपन्या उरल्या तीन, आणि 3 व 4 जुलै 2024 ला तिघींचेही दर वाढले. डेटा अजून स्वस्तच आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे. पण दर वाढल्यावर ग्राहकाने जायचं कुठे, याचं उत्तर त्यात नाही.

‘मोठं होणं गुन्हा आहे का?’ नाही, आणि तसं कोणी म्हणतही नाही. 1969 चा मक्तेदारी कायदा जाऊन दीड दशक उलटलं, तरी स्वस्ताईवर प्रश्न विचारणाऱ्याला परमिटराजवाला ठरवण्याची जुनी सवय काही जात नाही.

आणि फक्त ग्राहकाचाच विचार का? वसईच्या वाडीत भाजी पिकवणारा ग्राहक आहे तसा विक्रेताही आहे. माल घेणारे दोघेच उरले तर भाव कोण ठरवणार? विकणारे मोजके असले की काय होतं, तेही पाहा: सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल 2012 मध्ये सुमारे 6,300 कोटींचा दंड झाला, तोही त्यांच्या लेखात नाही.

मग करायचं काय? कलम 19(4) मध्ये वर्चस्व ठरवताना कंपनीचा आकार आणि साधनसंपत्तीही पाहायला सांगितली आहे. बाजारातल्या हिश्श्याइतकंच वजन त्यांना द्या. किराण्याचा बाजार देशभराचा धरू नका, वसई-विरारपुरता धरून हिस्सा मोजा. आणि चौकशी चालू असताना कलम 33 खाली अंतरिम मनाई देता येते, ती दुकानं बंद पडण्याआधी द्या.