शस्त्रापूर्वी शोध हवा

दुभंगलेल्या टाळूचे मूल जन्मास आले की आपल्याकडे अजूनही ग्रहणाची तिथी शोधली जाते आणि दोष मातेच्या माथी मारला जातो. ग्रहणाचा येथे काडीचाही संबंध नाही. अशा काही बालकांत 22 व्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळालेला असतो. सुमारे 4,000 जन्मांत एकदा आढळणारा हा विकार दहापैकी नऊ वेळा आईबापांकडून न येता नव्यानेच उद्भवतो. मग अपराधी कोण ठरवावयाचे?

हृदयदोष, रक्तातील कॅल्शियमची घट व नाकातून उमटणारे अस्पष्ट बोल ही त्याची परिचित लक्षणे होत. त्याहून कमी परिचित, पण अधिक धोक्याचे लक्षण मानेत दडलेले असते. मऊ टाळू घशाच्या मागील भिंतीस टेकत नाही, म्हणून बोलताना हवा नाकावाटे निसटते. ती रोखण्यासाठी शल्यविशारद बहुधा त्याच भिंतीतील मांसाची पट्टी टाळूस जोडतात. एरवी मेंदूस रक्त पुरविणाऱ्या धमन्या या भिंतीच्या दोन्ही अंगांना, सुरक्षित अंतरावर असतात. या विकारात मात्र एखादी धमनी मध्याकडे सरकून भिंतीच्या पातळ आवरणाखाली आलेली असू शकते. नेमके जेथे शस्त्र चालावयाचे, तेथेच!

दुर्बिणीतून धमनीचे स्पंदन पाहिले की पुरे, असे काही तज्ज्ञ मानतात. परंतु स्पंदन दिसले नाही म्हणजे धमनी जागेवर आहे, असे सिद्ध होत नाही. एमआरआय अथवा सीटी यंत्राने घेतलेले रक्तवाहिन्यांचे चित्र तो संशय फेडते. धमनी सरकलेली आढळली, तरी शस्त्रक्रिया सोडून द्यावी लागतेच असे नाही. पट्टीची जागा वा पद्धत बदलता येते. मुलाची वाचा व जीव दोन्ही राखण्याचा हाच मार्ग आहे.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत दुभंगलेली टाळू आणि जन्मजात हृदयदोष हे दोन्ही समाविष्ट आहेत. ही दोन्ही व्यंगे एकाच बालकात दिसताच गुणसूत्र-चाचणी, आणि विकार निश्चित झाल्यास घशाच्या शस्त्रक्रियेपूर्वी मानेचे चित्रण, हा शासकीय रुग्णालयांत विनामूल्य शिरस्ता व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. हृदयाचे कागद एका विभागात आणि टाळूचे दुसऱ्या विभागात पडून राहिले, तर मूळ विकार कोणाच्याच ध्यानी येणार नाही. पालकांनीही ते कागद एकत्र ठेवून प्रत्येक डॉक्टरांपुढे मांडावेत. पंचांगापेक्षा त्यांचाच उपयोग अधिक होईल.