आधी बोर्ड विचारा, मग जीबी सांगा

आपल्या आयटीवाल्या जमातीला एक वाईट खोड आहे. गावाकडून कुणी फोन करून "कॉम्प्युटर लय हळू चालतो" म्हटलं, की आपलं निदान तयारच असतं. रॅम वाढव! किती? टाक ना आठ जीबी. झालं, चहा संपला, आपण परत आपल्या डेस्कवर. मीही त्यातलाच, म्हणून हे हक्काने लिहितोय.

अकोटला माझ्या मावसभावाचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. सातबारा, दाखले, पीकविमा वगैरे. विम्याची शेवटची तारीख चार दिवसांवर, बाहेर शेतकऱ्यांची रांग, आणि त्याचा २ जीबीचा डेस्कटॉप पोर्टल उघडलं की गपगार. मी पुण्याहून फोनवर वरचंच औषध दिलं. बिचारा अकोल्याला जाऊन पट्टी घेऊन आला. रात्री फोन. "दादा, हे तं स्लॉटमध्ये बसूनच नाही राह्यलं ना बाप्पा!"

बसणार कसं? बोर्ड डीडीआर-३ चा, पट्टी डीडीआर-४ ची. आता अकोटच्या माणसाला हे सांगायला पुस्तक लागत नाही. तिथली रेल्वे आधी मीटरगेज होती, रुळांतलं अंतर १ मीटर. ब्रॉडगेजचं १.६७६ मीटर. २०२२ मध्ये अकोला-अकोट ब्रॉडगेज गाडी सुरू झाली ती रूळ बदलल्यावर. जुन्या रुळांवर नवा डबा ठेवून बघायचा उद्योग कुणी केला नाही. रॅमचंही तेच. डीडीआर-३ ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट. डीडीआर-५ च्या पिना २८८च, पण खाच वेगळ्या जागी आणि १.१ व्होल्ट. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ती खाच सरकवलेली असते. जोर लावू नका!

पुढे ऐका. दुसऱ्या दिवशी परत अकोला. या वेळी ४ जीबीची डीडीआर-३ आणली. बसली, पण स्क्रीन काळी आणि नुसतं बीप बीप. तेव्हा कुठे मी बोर्डाचा फोटो मागवला. इंटेलचा जी४१ चिपसेट. त्याला एका चिपमध्ये २५६ एमबीच्या वर झेपत नाही. म्हणजे ४ जीबीच्या पट्टीवर १६ चिपा हव्यात, आणलेलीवर होत्या ८. हे मी पहिल्याच फोनवर पाच मिनिटं खर्च करून शोधू शकलो असतो. मी नाही शोधलं. त्याचे दोन हेलपाटे झाले, दोन दिवस दुकान बंद राहिलं आणि रांग दुसऱ्या दुकानात गेली. दुकानदाराला मी दोष देणार नाही. त्याला विचारलं तेवढंच त्याने दिलं. चूक प्रश्नातच होती, आणि प्रश्न माझा होता.

"असलं जुनं खटारं फेकून नवंच घे ना," हा आपला दुसरा आवडता सल्ला. मान्य आहे, काही मशीन खरंच निवृत्त करायच्या लायकीच्या असतात. पण नवं म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम सगळंच नवं, आणि जुनी पट्टी तिथे चालत नाही. त्यात २०२५ च्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा 'क्रूशल' ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. अशा वेळी दुसऱ्याच्या पैशाने उदार होणं फार सोपं असतं हो.

तेव्हा मंडळी, पुढच्या फोनला तोंडातून जीबीचा आकडा काढण्याआधी एवढं विचारा. बोर्डाचं मॉडेल काय? सीपीयू-झेड हे फुकटातलं सॉफ्टवेअर सांगतं, नाहीतर बोर्डावर छापलेलं असतं. स्लॉट किती, रिकामे किती? आत्ता कुठली पट्टी आहे? मग त्या बोर्डाचं मॅन्युअल उघडून कमाल किती चालते ते बघा. लॅपटॉपची आखूड पट्टी डेस्कटॉपला चालत नाही हे आवर्जून सांगा. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही हळू पट्टीच्याच वेगाने धावतात, तेव्हा महागडी वेगवान पट्टी कशाला?

पाच मिनिटांचं काम आहे. तेवढीही नसतील तर सरळ "मला माहीत नाही" म्हणा. त्यात कमीपणा नाही. भावाचं मशीन आता १६ चिपांच्या पट्टीवर नीट चालतंय. फक्त त्या हंगामातली गिऱ्हाइकं काही परत आली नाहीत.